कुलपामागची भूक

मुंबई-ठाण्यात पेस्ट कंट्रोलचं काम करता करता केस पांढरे झाले. झुरळं, वाळवी, उंदीर हे रोजचं. पण फोनवरचा माणूस अचानक आवाज खाली आणून बोलायला लागला की समजायचं, ढेकूण. झुरळांची तक्रार लोक लिफ्टमध्ये चारचौघांत करतात, ढेकणांची करत नाहीत. आणि या हळू आवाजातल्या फोनांत एक वाक्य ठरलेलं असतं, "आम्ही महिनाभर गावी चाललोय, घर बंदच राहणार. तोवर उपाशी मरतील ना?" याच प्रश्नाचं उत्तर देता देता रक्तावर जगणाऱ्या किड्यांच्या उपासाबद्दल जे कळलं, थोडं कामातून, थोडं वाचून, ते लिहितो आहे. आकडे टाकलेत ते सोयीसाठी. क्रम आठवेल तसा.

१. घर किती दिवस बंद होतं ते नंतर. तिथे कोण झोपत होतं ते आधी विचारा.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये मुलांची वसतिगृहं रातोरात रिकामी झाली. अशाच एका वसतिगृहाचं काम आमच्याकडे असायचं. गाद्या गुंडाळलेल्या, खाटा भिंतीला उभ्या, दारांना कुलपं. पुढच्या वर्षी खोल्या उघडायची वेळ आली तेव्हा व्यवस्थापकांची खात्री होती की या महासाथीने निदान ढेकणांचा तरी निकाल लावला असेल. वरच्या मजल्यांवर तसंच झालं होतं. खाटांच्या सांध्यांत कात पडलेली, लाकडावर सुकलेले काळे ठिपके, कागदासारखे चपटे मेलेले ढेकूण. जिवंत एकही नाही. तळमजल्यावर मात्र बॅटरी मारली आणि सगळं कुटुंबच हजर: मोठे, छोटे, मोहरीहून बारीक पिल्लं, गादीच्या शिवणीत पांढरी अंडी.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. वॉचमनची खोली तळमजल्यावर. लॉकडाउनमध्ये गावी जाता न आलेले त्याचे दोन नातेवाईकही तिथेच राहिले होते, आणि उकाडा वाढला की ते शेजारच्या रिकाम्या खोल्यांत पडायचे. वरच्या मजल्यांवर भुकेने आपलं काम केलं. तळमजल्यावर ढेकणांवर भुकेची वेळच आली नाही.

तेव्हापासून मी "किती महिने बंद होतं?" या प्रश्नावर थांबत नाही. मोलकरीण दुपारी टेकते का, सुताराची माणसं रात्री मुक्कामाला होती का, शेजारच्या फ्लॅटची भिंत लागून आहे का, हे विचारतो. एका भिंतीच्या दोन बाजू म्हणजे ढेकणाच्या लेखी एकच घर. विजेच्या वायरींचा पाइप, पाण्याच्या नळाभोवतीचं भोक, एवढी वाट त्याला पुरते. जुन्या चाळींत तर एका खोलीत फवारणी करणं म्हणजे ढेकणांना शेजारी पाठवणं. आमच्याकडे आढळणाऱ्या जातीला कोंबडीचं रक्तही चालतं, त्यामुळे गावाकडच्या घरात माणूस नाही पण पडवीत खुराडं आहे, तर उपास सुरूच झालेला नसतो.

२. "ढेकूण वर्षभर उपाशी जगतो" हे खरं आहे, पण आपल्या हवेतलं नाही.

हा वर्षाचा आकडा सगळीकडे फिरतो. गिऱ्हाईक घाबरून तोच सांगतं आणि काही पेस्ट कंट्रोलवाले तोच सांगून दुप्पट पैसे लावतात. त्याचं मूळ बरंचसं थंड देशांतल्या अभ्यासांत आहे. ब्रिटनमध्ये जॉन्सन नावाच्या संशोधकाने ढेकणाच्या राहणीचा मोठा अभ्यास १९४१ साली प्रसिद्ध केला. त्याच्या नोंदींत दहा अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेले मोठे ढेकूण वर्षाहूनही जास्त काळ उपाशी तगले होते. दहा अंश! त्या काळच्या इंग्लंडमधली हिवाळ्यातली, शेगडी नसलेली झोपायची खोली डोळ्यांसमोर आणा.

किड्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बाहेर गारठा असला की त्याचं आतलं सगळं कामकाज झिरोच्या बल्बसारखं मंद चालतं, आणि साठवलेलं रक्त पुरवून पुरवून वापरलं जातं. बावीस-तेवीस अंशांना हाच काळ साधारण दोन-तीन महिन्यांवर येतो. मुंबईच्या मे महिन्यात, पंख्याशिवाय तापलेल्या बंद खोलीत, तो आठवड्यांत मोजायचा. म्हणजे गणपतीला आठ दिवस गावी जाऊन काहीही होत नाही. उन्हाळी सुट्टीचा महिना काही ढेकणांना जड जातो, सगळ्यांना नाही. मी स्वतः दोन महिने धरून चालतो आणि त्यावरही पैज लावत नाही. महाबळेश्वर-पाचगणीचा थंडीत बंद असलेला बंगला असेल, तर हिशेब इंग्लंडकडे सरकतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. ढेकूण पाणी पीत नाही. त्याला मिळणारं पाणी रक्तातूनच येतं. त्यामुळे उपाशी ढेकूण बऱ्याचदा भुकेआधी तहानेने, म्हणजे अंग सुकून मरतो. त्याच्या कातडीवर मेणाचा पातळ थर असतो, तो पाणी धरून ठेवतो. घोळक्याने एकमेकांना चिकटून बसले की सुकणं आणखी कमी होतं, आणि गादीच्या एकाच कोपऱ्यात सगळे दाटीवाटीने सापडण्याचं हे एक कारण. कोरडी हवा त्याची वैरी, दमट हवा त्याला मानवते. आपला पावसाळा कोणाच्या बाजूने आहे हे वेगळं सांगायला नको.

३. पिल्लं आधी जातात.

अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाकडे शिल्लक काहीच नसते. मोठं होईपर्यंत त्याला पाच वेळा कात टाकावी लागते आणि प्रत्येक वेळी आधी पोटभर रक्त लागतं. ते मिळालं नाही तर वाढ तिथेच अडते. त्यामुळे बंद खोलीत पहिला बळी पिल्लांचा, आणि शेवटपर्यंत टिकतात ते जेवून बसलेले मोठे. उपासात मादी अंडी घालणंही थांबवते. गावाहून परतल्यावर "कमी दिसतायत" असं वाटतं ते यामुळे. त्यांतली एक नराशी संग झालेली मादी उरली, तिला एक रात्र झोपलेला माणूस मिळाला, की घरात पुन्हा अंडी.

४. आपल्याच पलंगावर झोपा.

हे ऐकून वहिनी लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात. पण खोलीत ढेकूण झाले म्हणून सगळे हॉलमध्ये झोपायला गेले की दोन गोष्टी होतात. भुकेलेला ढेकूण माणसाच्या अंगाची ऊब आणि श्वास यांचा माग काढत हॉलपर्यंत येतो. आणि चादरी-उशांबरोबर तुम्ही त्यांतले काही स्वतःच नेऊन पोचवता. आधी एका पलंगाचं काम होतं, आता सोफा, सोफ्यामागचा पडदा आणि टीव्हीचं कपाटही आलं. फवारणीनंतर तर झोपायचं ते त्याच पलंगावर, कारण औषध लावलेल्या फळीवरून ढेकणाने चालत यावं असं वाटत असेल तर चालायला काहीतरी कारण हवं. ते कारण तुम्ही. एका आजोबांनी हे ऐकून शांतपणे विचारलं होतं, "म्हणजे मी आमिष?" हो, आजोबा.

गादीला चेनवालं जाड कव्हर घालायचं असेल तर ते वर्षभर काढायचं नाही. आतले अडकलेले तिथेच उपाशी मरतात, पण इथे दोन महिन्यांचा हिशेब लावू नका. एसीच्या खोलीतली गादी आहे, आणि एक चेन उघडून बघायची घाई केली की सगळी कमाई जाते.

५. खाऊ घालून मारता येत नाही.

झुरळांना जेलचा ठिपका पुरतो. ढेकूण रक्ताशिवाय कशालाही तोंड लावत नाही, त्यामुळे गोळी, जेल, पीठ, साखर सगळं वाया. पोटात न जाता अंगावर काम करणारं काहीतरी हवं: औषधाचा फवारा, कातडीवरचं मेण खरवडून सुकवणारी बारीक पूड, किंवा उष्णता. उष्णतेपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. पन्नास अंशांवर मोठे ढेकूण आणि अंडी, दोन्ही लवकर संपतात. पंचेचाळीसला मोठे तास-दीड तासात जातात, पण अंडी कितीतरी तास टिकतात. आपल्या आज्या खाटेच्या सांध्यांत आधणाचं पाणी ओतायच्या ते अगदी बरोबर होतं. गादी उन्हात टाकायच्या, ते अर्धंच बरोबर. कापसाच्या जाड गादीचा वरचा भाग पोळतो, मधला कोमट राहतो आणि ढेकूण खालच्या सावलीत सरकतात. कपडे कडक गरम पाण्यात धुवा, इस्त्री करा. गादीच्या शिवणींवर वाफ सोडणारं यंत्र मिळालं तर उत्तम.

६. औषधाला दाद न देणारा ढेकूण भूक मात्र कमी काढतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं तेव्हा ढेकणांचा शेवट झाला असं जगाला वाटलं होतं. १९४७ सालीच हवाईतल्या पर्ल हार्बरच्या नाविक बराकींत डीडीटीला न मरणारे ढेकूण सापडले. आज आमच्या पंपातली बरीच औषधंही त्यांना ओळखीची झाली आहेत. गंमत अशी की अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या २०११ च्या अभ्यासात औषधाला सरावलेल्या ढेकणांचा उपास, औषध कधीच न पाहिलेल्या ढेकणांपेक्षा लवकर आटोपला.

असे औषध न पाहिलेले ढेकूण मिळतात कुठे? तर हॅरल्ड हार्लन या अमेरिकन लष्करी कीटकतज्ज्ञाकडून. त्याने १९७३ मध्ये न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स छावणीतून काही ढेकूण गोळा केले आणि बरण्यांत घालून वर्षानुवर्षं स्वतःच्या अंगावर पोसले. लोकांना तो छंद विचित्र वाटला असणार. पण अमेरिकेत ढेकूण पुन्हा पसरले तेव्हा प्रयोगशाळांना तुलनेसाठी त्याच्याच बरण्यांतली पिढी उपयोगी पडली. माझ्या बायकोला हे सांगितलं तेव्हा तिने एवढंच म्हटलं, "तुम्ही असलं काही सुरू करू नका."

७. उवांसाठी फवारणी करू नका. आम्हाला बोलवूही नका.

शाळा सुरू झाल्या की आयांचे फोन येतात: मुलीच्या डोक्यात उवा झाल्यात, घर फवारून द्या. मी जात नाही. डोक्यातली ऊ दिवसातून अनेकदा रक्त पिते आणि डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते. लिखांना उबण्यासाठी टाळूची ऊब लागते. त्यामुळे पडलेली ऊ हा प्रश्नच नाही. प्रश्न डोक्यात आहे आणि त्यावर उपाय म्हणजे बारीक दातांची फणी आणि डॉक्टरांनी सांगितलेलं औषध, आठवड्या-दीड आठवड्याने पुन्हा एकदा, कारण लिखा मागून फुटतात. धुता न येणारी टोपी किंवा मऊ खेळणं दोन आठवडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं की झालं. भुकेने मारायचा उपाय खऱ्या अर्थाने लागू पडतो तो इथे.

अंगावरच्या कपड्यांत राहणारी ऊ थोडी चिवट. तिला आठवडाभर मिळू शकतो. तिनेच टायफस पसरतो हे शार्ल निकोल या फ्रेंच डॉक्टराने ट्युनिसमध्ये १९०९ साली दाखवलं. त्याच्या लक्षात आलेली गोष्ट साधी होती. रुग्ण इस्पितळात येईपर्यंत इतरांना आजार देत, पण दारातच त्यांचे कपडे काढून अंघोळ घातली की आतल्या वॉर्डात आजार पसरत नसे. १९२८ चं नोबेल त्याला मिळालं. या उवांनी त्यांचा अभ्यास करणाऱ्यांनाही सोडलं नाही. आर्थर बेकट हा लंडनमधला कारकून, हौसेपोटी किड्यांत शिरला आणि पुढे लिस्टर संस्थेत कीटकतज्ज्ञ झाला. उवांवर काम करताना टायफस होऊनच तो १९२२ मध्ये इजिप्तमध्ये गेला. त्याचं नाव खाली पुन्हा येणार आहे.

८. पिसू दोन घड्याळं लावून जगते.

मांजर असलेलं घर. मे महिन्यात सगळे कोकणात, मांजर शेजारी. परत आले, दार उघडून दोन पावलं टाकली आणि पोटऱ्यांवर पिसवांची फौज. "महिनाभर घरात मुंगीसुद्धा नव्हती, मग या आल्या कुठून?" असा सवाल मला अगदी रागाने विचारला जातो, जणू मीच आणून सोडल्यात.

त्या तिथेच होत्या, कोशात. पिसवेची अळी रक्त शोषत नाही. ती फटींतल्या धुळीत मोठ्या पिसवांची वाळलेली विष्ठा आणि केरकचरा खाऊन वाढते आणि मग कोश विणते. आत तयार झालेली पिसू लगेच बाहेर येत नाही. ती काही महिने आत थांबू शकते, आणि जमीन हादरली, ऊब जाणवली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड पोचला की क्षणात बाहेर उडी मारते. तुम्ही दार ढकलून बॅगा जमिनीवर आपटल्या, तीच तिची घंटा. एकदा मांजराच्या अंगावर बसून रक्त प्यायला लागली की तिचं दुसरं घड्याळ सुरू होतं, आणि ते फार घाईचं असतं: अंगावरून वेगळी झाली तर काही दिवसांतच खलास.

म्हणून पिसवांच्या कामात मी आधी व्हॅक्यूम क्लीनर फिरवायला लावतो. केर जातो आणि कंपनांनी कोशातल्या बाहेरही येतात, मग फवारा. कोशाच्या आत औषध पोचत नाही, तेव्हा पहिल्या फवाऱ्यानंतर पंधरा दिवस थोड्या दिसत राहणारच. मांजराचा इलाज जनावरांच्या डॉक्टरकडे, आणि तोही त्याच दिवशी.

९. घरमालक मेला की भुकेले बाहेर पडतात.

ही गोष्ट मुंबईने फार महाग किंमत देऊन शिकलेली आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात, बंदराच्या धान्यगोदामांच्या शेजारी, गोव्याचे डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढची वर्षं काय गेली ते घराघरांत सांगितलं जायचं. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातल्या जुलमावरून चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. त्या सगळ्या बंदोबस्तात खरा गुन्हेगार कोणाच्याच यादीत नव्हता, हे मात्र इतिहासाच्या तासाला कोणी सांगत नाही. भिंतींना चुना लावला, कार्बोलिक शिंपडलं, छपरं उघडून ऊन आत घेतलं, घरांना कुलपं ठोकली.

साध्या माणसांना एक गोष्ट मात्र कळली होती: घरात उंदीर पडायला लागले की घर सोडायचं. का, ते पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. मेलेला उंदीर गार पडतो, त्याच्यावरच्या पिसवा उतरतात आणि दुसरं ऊबदार अंग शोधतात. पुढे परळच्या प्रयोगशाळेतले संशोधक (हीच पुढे हाफकिन संस्था झाली) प्लेगच्या रिकाम्या घरांत गिनिपिग सोडायचे. आत माणूस नाही, उंदीर मेलेले, आणि तरी त्या गिनिपिगांवर थोड्याच वेळात उंदरांच्या पिसवा चढायच्या. मी त्या प्रयोगाचं वर्णन पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, बंद घरातल्या भुकेची यापेक्षा स्वच्छ चाचणी आजही कोणी करत नाही.

भुकेचा खरा क्रूर भाग मात्र बेकट आणि मार्टिन यांनी १९१४ मध्ये उलगडला. प्लेगचे जंतू पिसवेच्या जठराच्या तोंडाशी, झडपेपाशी, वाढून गाठ करतात. ती रक्त ओढते, पण ते पोटात उतरत नाही. गाठीवर आदळून जंतूंसकट चावलेल्या जागी परत येतं. पिसवेचं पोट रिकामंच. मग ती पुन्हा चावते, दुसऱ्याला चावते, सारखी चावत सुटते, आणि अखेर उपाशीच मरते. पोटभर जेवणारी पिसू एवढी धोक्याची नसते.

मामला हे बीड जिल्ह्यातलं गाव १९९४ मध्ये बातम्यांत आलं. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला आणि धास्तीने लोकांनी घरं सोडली. साठवलेलं धान्य आत राहिलं, उंदीर माजले, आणि माणसं परतली तेव्हा पिसवा चावतात अशा तक्रारी सुरू झाल्या, पाठोपाठ गाठीचा ताप, असा क्रम तेव्हा सांगितला गेला. बराच काळ बंद असलेल्या, उंदरांच्या घरात आम्ही आजही आधी पिसवांचं औषध मारतो आणि मग उंदरांना हात लावतो. उलट क्रम लावणाऱ्या कामगाराला मी बोलतो.

१०. गोचीडाला घाई नसते.

गोचीड हा कीटक नव्हे. मोठ्या गोचीडाला आठ पाय असतात, तो कोळ्यांच्या नात्यातला. पण उपासाची गोष्ट निघाली की त्याला वगळून कसं चालेल? माझं गाव सिंधुदुर्गात. गुरं विकल्यावर गोठा वर्षभर मोकळा पडला म्हणजे गोचीड गेले, अशी तिकडे समजूत आहे. गुरांच्या गोचीडाची पिल्लं गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून, काही अंगाला लागतं का याची वाट बघत काही महिने राहू शकतात. कुत्र्यांवरचा तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीत शिरला तर न जेवता वर्षाहून जास्त काढू शकतो. म्हणून गोठ्याच्या भिंतींच्या फटी बुजवायच्या, जमिनीवरचा जुना चारा-शेण हलवायचं, आणि मगच नवीन जनावर बांधायचं.

या सगळ्यांवर मात करणारी गोष्ट आफ्रिकेतली आहे. १९७६ मध्ये केनियात नैरोबीजवळ पकडलेले अर्गस ब्रुम्प्टी जातीचे तेरा गोचीड अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या ज्युलियन शेफर्ड यांच्या प्रयोगशाळेत राहिले. मध्येच त्यांचं खाणं बंद झालं. त्या उपासात नर मेले, पण माद्यांनी आठ वर्षं अन्नाशिवाय काढली. पुढे खाणं मिळाल्यावर त्यांतल्या निदान एकीने अंडी घातली, शेवटचा नर मरून चार वर्षं उलटल्यावर, म्हणजे तेवढा काळ तिने नराचं बीज जपून ठेवलं होतं. सत्तावीस वर्षं जगलेल्या या गोचीडांचा अहवाल २०२२ मध्ये आला. मी गावी हे सांगितलं तर कोणाला फारसं नवल वाटलं नाही. "तुझ्या काकाच्या खुराड्यातले त्याहून जुने असतील," असं एका म्हाताऱ्या आत्याने ऐकवलं, आणि त्यात अगदीच चूक नाही. कोंबड्यांचा गोचीड त्याच कुळातला आहे.

गावची खरी भीती माकडतापाची. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो ओळखला गेला, पुढे गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये आमच्या दोडामार्गात काजूच्या हंगामात आला. तिथेही गणित मुंबईच्या उंदरांचंच. माकड मरून पडलं की त्याच्यावरचे गोचीड त्या जागी उतरतात आणि पालापाचोळ्यात वाट बघत राहतात. त्या वाटेने काजू गोळा करायला गेलेला माणूस पुढचं अंग. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा; बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि परत आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे लगेच धुवायला.

११. डासाला उपाशी ठेवता येत नाही.

नर डास रक्त पीतच नाही आणि मादीला ते फक्त अंड्यांसाठी लागतं; एरवी दोघं फुलांच्या, झाडांच्या रसावर जगतात. त्यामुळे "घरात कोणी नव्हतं तरी डास कसे?" या तक्रारीला अर्थ नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी मात्र कोरड्या कूलरच्या बाजूला चिकटून महिनोन् महिने राहतात आणि पाणी चढलं की फुटतात. पाणी नुसतं ओतू नका, टाकी ब्रशने घासा.

१२. जुनं फर्निचर घेताना दुकानदाराचा आकडा ऐकून सोडून द्या.

जोगेश्वरीच्या ओशिवऱ्यातल्या फर्निचर बाजारात ओळखीचे लोक कधी कधी मला बरोबर नेतात. सागवानी दिवाण, आरामखुर्च्या, सगळं स्वस्त आणि बऱ्याचदा उत्तम. "साहेब, चार महिने गोडाऊनमध्ये पडून आहे, त्यात काय राहणार?" हे वाक्य तिथेही ठरलेलं. मुंबईच्या हवेत चार महिने म्हणजे खरंच फार काही राहू नये. मग मी विचारतो, गोडाऊनमधली माणसं दुपारी कशावर झोपतात?

यावर बहुतेक दुकानदार हसतात. एकाने तर हमालाला हाक मारून विचारलंच, आणि त्याने मोठ्या प्रामाणिकपणे आम्ही बघत होतो त्याच दिवाणाकडे बोट दाखवलं. मी दिवाण उलटा करायला लावला. स्क्रूंची भोकं, प्लायवुडच्या कडा, गादीची शिवण, कापड ठोकलेल्या खिळ्यांच्या रांगा, एवढ्याच जागा बघायच्या. ठिपके काळे आणि पसरलेले असतील तर रक्ताचे, तांबूस आणि भुसभुशीत असेल तर नुसता गंज. दोन खिळ्यांच्या मध्ये एक कात होती, तिच्याशेजारी तिची मालकीण. दुकानदाराने भाव पाचशेने उतरवला. गिऱ्हाईक तयार होतं, मी त्याला खुर्च्यांकडे वळवलं.